वर्षातील पस्तीस दिवसांचे घर
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे उदरनिर्वाहार्थ पुण्या-मुंबईस स्थायिक होऊन आता दोन-तीन पिढ्या लोटल्या. तरी ‘मूळ गाव कोणते?’ असे कोणी विचारल्यास आपण अद्याप साताऱ्याचे वा सांगलीचेच नाव सांगतो. गणपतीस, कुळधर्मास, मे महिन्यात मुलाबाळांसह आपण तेथे जातो. मात्र तेथे उतरावयाचे कोठे, हा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होत चालला आहे. वडिलांचे घर राखावे, की ते विकून एखादी सदनिका घ्यावी, अशी विचारणा अनेक कुटुंबांतून आमच्याकडे झाली. म्हणून या घरगुती पण निकडीच्या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभी एक साधा हिशेब मांडू. समजा, गणपतीचे सात दिवस, दिवाळीचे पाच, कुळधर्माचे तीन आणि मे महिन्यातील वीस दिवस आपण गावी राहिलो, तर एकूण ३५ दिवस होतात. उरलेले ३३० दिवस घरास कुलूप असते. घर निवडताना आपण सारे त्या ३५ दिवसांचा विचार करतो. ओसरी, परसातील आड, मुलांना खेळावयास अंगण हे सर्व डोळ्यांपुढे येते. वस्तुतः घर टिकते की खचते हे त्या ३३० दिवसांवर ठरते. त्या दिवसांत घराचा वाली कोण, हा आमच्या मते या विषयातील मुख्य प्रश्न होय.

कौलारू घर हे माणसांच्या वावराने जगते. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते, पन्हळी साफ कराव्या लागतात, तुळयांना लागलेली वाळवी वेळीच पाहावी लागते. साताऱ्यातील एका परिचित कुटुंबाचे उदाहरण घ्या. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील पेठेत त्यांचा वाडा होता आणि त्यात एक वडीलधाऱ्या काकू एकट्याच राहात. पुतणे शहरातून येत, चार दिवस राहून परत जात. काकू निवर्तल्या त्या वर्षी शाकारणी राहून गेली आणि पुढल्याच पावसात मागील भिंत बसली. वाड्याचा खरा आधार तुळया नसून त्या काकू होत्या, हे सर्वांना तेव्हा उमगले. जुन्या दगडमातीच्या भिंतींविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरच्या भूकंपात अशा भिंतींची अनेक घरे कोसळली. सातारा जिल्ह्यात जुने घर राखणाराने ते एकदा तरी जाणत्या स्थापत्यतज्ज्ञास दाखवून घ्यावे.

आता सदनिकेकडे वळू. सदनिकेस कुलूप लावून आपण निर्धास्तपणे गाडीत बसू शकतो, हा तिचा मोठा गुण. गच्ची, पाण्याची टाकी, जिना व रखवालदार यांची चिंता सर्व सभासद मिळून वाहतात. तथापि या सोयीची किंमत बारा महिने द्यावी लागते. आपण ३५ दिवस राहिलात म्हणून देखभालीची वर्गणी कमी होत नाही, आणि विजेचा स्थिर आकार दिवा न लावताही भरावाच लागतो. सदनिका भाड्याने दिल्यास सहकारी गृहनिर्माण संस्था निवासेतर शुल्क आकारू शकते. परंतु २००१ च्या शासकीय आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. घर वा सदनिका कोणास वापरावयास दिल्यास करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये तसे बंधनच आहे. ‘ओळखीचा मनुष्य आहे’ एवढ्यावर किल्ली देऊ नये.

खरेदीपूर्वी जमिनीची चौकशी अवश्य करावी. इमारतीखालील भूमी संस्थेच्या नावे झाली आहे काय? ती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असल्यास आपला अविभक्त हिस्सा किती? भिंती जुन्या होतात, मोल उरते ते भूमीचे. नव्या बांधकामास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे संरक्षण आहे. परंतु भूखंड ५०० चौरस मीटरांहून अधिक नसल्यास, किंवा सदनिका आठांहून अधिक नसल्यास त्याखाली नोंदणी सक्तीची नाही. आपल्या गावांतील कित्येक लहान इमारती या मर्यादेत बसतात, म्हणून तेथे कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेणे अधिकच आवश्यक ठरते.

सांगलीकरांसाठी तर कृष्णामाई हाच पहिला विचार होय. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पुराने शहरास वेढले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. गावभागातील घर कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी पूर आला असता देव, दागिने व दस्तऐवज वरच्या मजल्यावर नेणारा मनुष्य तेथे हवा. मालक मुंबईस आणि किल्लीही मुंबईस, अशा तळमजल्यावरील घरातील गाळ कित्येक दिवस तसाच राहतो. अशा कुटुंबाने नदीपासून दूर, विश्रामबागेकडे, वरच्या मजल्यावरील सदनिका पाहावी आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी, असे आम्ही सुचवू.

आणखी एक नाजूक बाब. घर विकावयाचे वा राखावयाचे, तो निर्णय केवळ भावाभावांचा नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कन्येसही पुत्राप्रमाणे हक्क प्राप्त झाला आहे. बहिणींना सहीपुरते बोलावू नये; विचारविनिमयासच बोलावावे. माहेरचा उंबरठा राहतो की जातो, याचे सुखदुःख त्यांच्याइतके कोणास असणार? त्याचप्रमाणे घर सामाईक ठेवावयाचे असल्यास घरपट्टी कोणी भरावी, शाकारणी कोणी करवून घ्यावी आणि कोणत्या महिन्यात कोणी राहावे, हे वडील मंडळी हयात असतानाच लिहून ठेवावे. सर्वांच्या मालकीचे घर पुष्कळदा कोणाच्याच काळजीचे नसते.

तात्पर्य, ज्या घरात एखादा भाऊ, काका, काकू किंवा विश्वासू कुटुंब बारमाही नांदते, ते घर अवश्य राखावे, आणि तेथे राहणाऱ्यास ‘आमचे घर फुकट वापरतो’ असे न म्हणता त्याचे ऋण मानावे. शाकारणीचा खर्च शहरातील मंडळींनी आपण होऊन उचलावा. जेथे असे कोणी उरले नाही, तेथे भावनेपायी वाडा पावसाच्या हवाली करण्यापेक्षा, त्याचा योग्य मोबदला घेऊन त्याच गावात दोन खोल्यांची सदनिका घ्यावी. त्यात कमीपणा मुळीच नाही. देवघर कोनाड्यातही मांडता येते. मात्र वाडा विकून गावाशी संबंधच तोडू नये. मुलांना वर्षातून पस्तीस दिवस तरी आपल्या गावाचे पाणी प्यावयास मिळाले पाहिजे.

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आजच्या काळात घर राखूनही पाहावे, एवढेच तीस जोडावेसे वाटते.