लेझरच्या वाटेतली हवा

13 एप्रिल 2025 रोजी डीआरडीओने कर्नूलच्या चाचणी केंद्रावर 30 किलोवॅटच्या लेझर अस्त्राने ड्रोन पाडून दाखवले, तेव्हा प्रकाशाच्या वेगाने होणाऱ्या माऱ्याचीच चर्चा झाली. वेग खरा आहे, आणि माराही स्वस्त पडतो: ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय आपल्या 'ड्रॅगनफायर' या लेझर अस्त्राच्या एका माऱ्याचा खर्च 10 पौंडांहून कमी सांगते. पण किरणाला लक्ष्यापर्यंत हवेतूनच जावे लागते.

धुके घ्या. एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे करणारे धुके असेल, तर तेवढे अंतर कापल्यावर जेमतेम 2 टक्के प्रकाश उरतो. लेझर अस्त्रांचे अवरक्त किरण बहुधा एक मायक्रॉनच्या आसपासचे असतात. धुक्याचे थेंब त्याहून कितीतरी मोठे, म्हणून या किरणांचीही जवळपास तीच गत. 30 किलोवॅटमधले पोचणार 600 वॅट. घरातली इस्त्री याहून जास्त वीज खाते!

पावसाचे गणित निराळे आहे. तेवढेच पाणी टपोऱ्या थेंबांत असले, तर बारीक तुषारांपेक्षा किरणाला कमी अडवते. बोइंगने 2014 मध्ये फ्लोरिडात ट्रकवरच्या 10 किलोवॅटच्या लेझरने वाऱ्यात, पावसात आणि धुक्यातही लक्ष्ये टिपली होती.

खरी दगाबाज असते ती स्वच्छ दिसणारी, दमट आणि पडलेली हवा. वाटेतली वाफ आणि धूलिकण किरणाची थोडी ऊर्जा शोषतात. हवा तापते, विरळ होते. किरणाच्या मध्यभागी ती सर्वाधिक तापते आणि तिथला अपवर्तनांक घटतो. मग हवाच अंतर्गोल भिंगासारखी वागते आणि किरण फाकतो. याला 'थर्मल ब्लूमिंग' म्हणतात. ताकद वाढवावी, तर हवा आणखी तापते. एका मर्यादेपुढे लक्ष्यावर पडणारा झोत उलट क्षीणच होतो.

आडवा वारा सुटला की तापलेली हवा वाहून जाते, म्हणून वारा इथे मदतीला येतो. लक्ष्य आडवे जात असेल, तर त्याच्या मागे फिरणाऱ्या किरणालाही ताजी हवा मिळते. थेट अंगावर येणाऱ्या क्षेपणास्त्राबाबत मात्र किरण एकाच रेषेवर खिळून राहतो. जहाजाला नेमका त्याच्यापासून बचाव हवा असतो. त्यामुळे नौदलासाठी असे अस्त्र घडवताना जुलैतल्या कोकण किनाऱ्यावर त्याची परीक्षा घ्यायलाच हवी.

ढगांच्या वर जाण्याचा मार्ग अमेरिकेने चोखाळला. बोइंग 747 मध्ये बसवलेल्या लेझरने 11 फेब्रुवारी 2010 रोजी क्षेपणास्त्र नष्टही केले. पण शत्रूपासून सुरक्षित अंतर राखायचे तर 20 ते 30 पट ताकद लागेल, असे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी 2009 मध्येच सांगितले होते. 2011 मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला.

इस्रायलची मांडणी जास्त शहाणपणाची वाटते. तिथे 100 किलोवॅट श्रेणीची 'आयर्न बीम' ही लेझर यंत्रणा 'आयर्न डोम' या क्षेपणास्त्र यंत्रणेच्या जोडीला आहे. आभाळ भरून आले की क्षेपणास्त्रांवरच भिस्त ठेवायची, हे त्यात गृहीत धरलेले आहे.