घरच्या ट्रॅक्टरला रंग लावताना

(मंडळाच्या आबिड्स येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आबिड्ससारख्या भर बाजारपेठेत उभे राहून ट्रॅक्टरवर बोलायचे म्हणजे थोडे गमतीचेच आहे. पण इथे बसलेल्या निम्म्या घरांच्या शेतीचे कागद आजही नांदेड, परभणी, लातूर नाहीतर बीदर जिल्ह्यातून निघतात, हे आपण सगळेच जाणतो. १ नोव्हेंबर १९५६ ला जुने हैदराबाद राज्य वाटले गेले. घरे इकडे राहिली, शेते तिकडे गेली. आमच्या देगलूर तालुक्याचे तर दोन तुकडे झाले. बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे इकडच्या बाजूला आली, बाकीचा तालुका मुंबई राज्यात गेला. आमची जमीन त्या 'बाकीच्या'त. तेव्हापासून आमचे घराणे संगारेड्डी, पिटलम, मदनूर, देगलूर या रस्त्यावर ये-जा करत आले आहे. वडील इथे नोकरीत, मोठे काका तिथे शेतीवर.

१९८१ साली काकांनी भूविकास बँकेचे कर्ज काढून मॅसी फर्ग्युसन १०३५ घेतला. सुरुवातीला भरायची रक्कम कमी पडत होती, ती आजीच्या पाटल्यांतून उभी राहिली. काका गेल्यावर जमीन बटईने दिली. बटईदाराचा स्वतःचा ट्रॅक्टर, त्यामुळे आमचा लिंबाखाली उभा राहिला तो आठ पावसाळे. या वर्षी वाटणीची बोलणी निघाली तेव्हा भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला आणि चुलतभावांना तो पटला. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. उभे लोखंड कुणाच्या कामाचे? आम्ही तिघा भावंडांनी मृगापर्यंतची मुदत मागून घेतली.

इंजिनाचे काम देगलूरच्या मिस्त्रींनी केले, त्याबद्दल आम्ही बोलण्यात अर्थ नाही. रंगाचे काम आम्ही घेतले. बटईदार मामा म्हणाले, "रंगानं काय ट्रॅक्टर चालतंय का?" चालत नाही, हे खरेच. पण पत्रा टिकतो. आणि जुने बाजारात बघणारे शहाणे लोक नव्या रंगावर भुलत नाहीत, उलट रंगाखाली कुठली गळती झाकली आहे ते आधी शोधतात. म्हणून विकण्यासाठी रंगवायचे असेल तर तो खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रंग कुठला लावायचा, हा प्रश्न पडला नाही. नोंदणीपुस्तकात वाहनाच्या रंगाची नोंद असते, तो बदलायचा तर आरटीओकडे जावे लागते. शिवाय या ट्रॅक्टरच्या रंगालाही वंशावळ आहे. हॅरी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर राखाडी असत. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात त्यांचा टीई-२० पाच लाखांवर बनला, सगळा त्याच राखाडी रंगात. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले तेही फर्ग्युसन ट्रॅक्टर चालवत. मॅसी-हॅरिसची यंत्रे मात्र लाल. १९५३ साली दोन्ही कंपन्या एकत्र आल्या, पुढे पत्रा लाल झाला. मद्रासला १९६० साली टॅफे कंपनी निघाली, आणि आपल्याकडे लाल बॉनेट व गडद राखाडी इंजिन हीच मॅसीची ओळख बनली.

आता प्रत्यक्ष काम. बॉनेट, पुढची जाळी आणि दोन्ही मडगार्ड सोडवून टेम्पोने आबिड्सच्या घरी आणले, कारण नोकऱ्या सांभाळून रोज संध्याकाळी दोन तास काम करायला आमच्याकडे गच्चीच होती. बोल्ट सुटत नव्हते. त्यांच्यावर डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण चार दिवस रोज सोडले, मग पाना लावला.

ट्रूप बाजारच्या दुकानदाराने आमची यादी वाचली आणि पहिली सूचना फुकट दिली: "जंग पे रंग मत मारो साब, पैसे पानी में जाते." तोच सगळ्या कामाचा गाभा. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. वरून रंग मारला की तो आत पसरत राहतो आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे फोड येतात. म्हणून आधी ग्रीस आणि तेल रॉकेल व धुण्याच्या सोड्याने काढायचे. हे घासण्याआधीच करायचे, नाहीतर तेल पत्र्यात जिरते आणि नवा रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. मग हातोडीच्या मागच्या बाजूने पत्रा ठोकत जायचे. खणखणीत वाजला तर वरवरचा गंज. भद्द वाजला तर आतून गेलेला. आमचा पत्रा दोनच ठिकाणी गेला होता: बॅटरीच्या खाली, जिथे ॲसिड झिरपते, आणि मडगार्डच्या खालच्या कडेला, जिथे चिखल वाळून बसतो.

घासणे कोरडे करायचे नाही. जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग अशी आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, आणि त्यातही यंत्रांच्या रंगाचा भरवसा कोण देणार? आम्ही पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर वापरला: ८० नंबर, मग १२०, मग २२०. तोंडाला चांगला मास्क, नातवंडांना गच्चीबंदी. निघालेला लाल चिखल वर्तमानपत्रावर गोळा केला, मोरीत सोडला नाही. खड्ड्याखड्ड्यांत बसलेल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडचे गंजनाशक लावले, धुतले, उन्हात कोरडे केले, आणि त्याच दिवशी प्रायमर मारला. उघडे लोखंड एका दमट रात्रीत पुन्हा पिवळे पडते. आणखी एक सांगतो, कारण खेड्यात हे सर्रास दिसते: नुसता रेड ऑक्साइड मारून काम पुढच्या वर्षावर टाकू नये. तो पाणी अडवत नाही, त्याच्यावर रंगाचा थर हवाच.

डाव्या मडगार्डवर आमचे काम चार दिवस थांबले. वरचा लाल थर काकांच्या मुलीच्या लग्नाआधी कुणीतरी ब्रशने सरसकट मारलेला होता. तो निघाला तशी खाली पिवळी अक्षरे दिसू लागली, काळ्या सावलीची, पेंटरच्या हातची. आजीचे नाव होते. ट्रॅक्टर आणला तेव्हा काकांनी घातलेले. पुढे ते झाकले गेले आणि आम्हा लहानांच्या आठवणीतूनही गेले.

नांदेडहून चुलतभाऊ आला होता, तोच ज्याला भंगाराचा भाव पटला होता. त्याने गच्चीवर उकिडवे बसून ते वाचले. म्हणाला, "दादा, एवढं ठेवा." आमची ताई म्हणाली, नव्या लालमध्ये हे ठिगळ दिसेल. दोघांचेही बरोबर. पण खरी अडचण वेगळीच होती. नावाचे शेवटचे अक्षर मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंत आले होते, आणि त्या अक्षराच्या पोटात गंज होता. अक्षर ठेवले तर गंज ठेवावा लागणार. वरून पारदर्शक वार्निश मारले तरी तो आतल्या आत उरलेल्या नावाकडे सरकणार. पेंटरकडून अक्षर नव्याने काढून घ्यावे, असेही सुचवले गेले. मग ते काकांनी घातलेले नाव कसले?

शेवटी कडेचा कुजलेला भाग कापला, तेवढाच पत्रा वेल्ड करून घेतला आणि अक्षर जाऊ दिले. बाकीची अक्षरे बारीक पेपरने हलकी साफ करून, कडा नव्या थराला मिळत्या करून वार्निशखाली ठेवली. वाचणाऱ्याला नाव कळते. ज्यांना माहीत आहे त्यांना पुरे.

ओतीव लोखंडाचे भाग आणि शेवटचे थर गावीच केले. आबिड्सच्या गच्चीवर फवारा मारला असता तर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपके उठले असते. घरी काम करणाऱ्यांनी साधे सिंथेटिक इनॅमल घ्यावे. दोन डब्यांचा पीयू रंग चकचकीत दिसतो, पण त्याचा फवारा छातीला फार वाईट, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, साधा मास्क चालत नाही. देगलूरकडचे मे महिन्याचे ऊन म्हणजे दुपारी फवारलेला रंग हवेतच सुकून वाळूसारखा बसतो. म्हणून सकाळी साडेसहा ते नऊ एवढेच काम. त्याआधी मामांच्या घरच्यांनी अंगणात सडा घातला, धूळ बसली. पातळ तीन थर, एकेका थरामध्ये पूर्ण दिवस.

न रंगवण्याच्या जागाही सांगायला हव्यात. इंजिन आणि चॅसिस नंबरची पट्टी व्हॅसलीन लावून, चिकटपट्टीने झाकावी. ग्रीसचे निपल, हायड्रॉलिकचा चकचकीत दांडा, रबरी नळ्या यांना ब्रश लावू नये. रेडिएटरच्या जाळीत जाड रंग बसला तर उष्णता अडते. सायलेन्सरला उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंगच लागतो, साधा रंग पहिल्याच तासात जळून उग्र वास सुटतो.

मृगाच्या आधी ट्रॅक्टर उभा राहिला. वाटणीत तो कुणाच्याच नावावर घातलेला नाही. डिझेल ज्याचे त्याने घालायचे, असे ठरले आहे. मामांनी पेरणीला आपला ट्रॅक्टर वापरला, पण पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या हिंगुळातून बॉनेटवर स्वस्तिक काढायची परवानगी आमच्याकडे फोनवर मागितली. आम्ही हो म्हटले. उरलेला अर्धा लिटर लाल रंग डब्याचे झाकण घट्ट ठोकून गोठ्याच्या फळीवर ठेवला आहे. डाव्या मडगार्डची कड दर दिवाळीला बघायची आहे.