सेलेका, अँटी-बालाका आणि अर्धी सांगितलेली गोष्ट

(युवा अभ्यास शिबिरातील भाषण)



मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातून मुसलमान हाकलले गेले, मशिदी जाळल्या गेल्या, हे मोबाइलवर तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. ते खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने अँटी-बालाकांनी केलेल्या या प्रकाराला वांशिक सफाई म्हटलं. देशातल्या ४३६ मशिदींपैकी ४१७ उद्ध्वस्त झाल्याचं २०१५ साली अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतील राजदूतांनी सांगितलं. बांगी या राजधानीत १ लाखाहून अधिक मुसलमान होते, २०१४च्या मार्चपर्यंत हजारसुद्धा उरले नाहीत. पण आपल्यापर्यंत येणारा मेसेज इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. मला त्याच्या आधीचं बोलायचं आहे.

हा देश १९६० साली फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. पुढे बोकासाने सत्ता बळकावली आणि १९७७ साली स्वतःचा सम्राट म्हणून राज्याभिषेक करून घेतला, तोही अशा देशात जिथे धड रस्ते नव्हते. सत्ता बहुधा बंदुकीनेच बदलत राहिली. २००३ साली आलेला बोझिझेही तसाच आला. मुसलमान लोकसंख्या १० ते १५ टक्के. त्यांतले बरेच ईशान्येकडचे. पावसाळ्यात तो भाग राजधानीपासून तुटतो. शाळा, दवाखाना, नोकरी यांची तर गोष्टच सोडा. शिवाय पोलीस चौकीवर मुस्लीम नाव दिसलं की 'तू परदेशी, चाडचा' म्हणून पैसे उकळायचे. आजोबांपासून तिथेच जन्मलेल्यांनाही. हा अनुभव आपल्याला फार समजावून सांगावा लागणार नाही.

२०१२च्या अखेरीस ईशान्येतल्या बंडखोर गटांनी आघाडी केली. तिचं नाव सेलेका. सांगो भाषेत त्याचा अर्थच आघाडी. सांगो ही तिथे ख्रिस्ती आणि मुस्लीम दोघांचीही बोलभाषा आहे, हेही लक्षात ठेवा. २४ मार्च २०१३ला सेलेकाने बांगी घेतलं आणि मिशेल जोतोदिया हा देशाचा पहिला मुस्लीम राष्ट्राध्यक्ष झाला. तक्रार खरी होती. पण सत्तेवर आल्यावर या लोकांनी काय केलं? गावं लुटली, घरं पेटवली, माणसं मारली. त्यांच्यात चाड आणि सुदानमधले भाडोत्री लढवय्येही होते. हिऱ्यांच्या खाणी आणि नाक्यांवरची वसुली हातात ठेवणं, यात दीन कुठे होता? सप्टेंबरमध्ये जोतोदियाने सेलेका बरखास्त केल्याचं जाहीर केलं, पण बंदुका लढवय्यांकडेच राहिल्या.

आता अँटी-बालाका. मुळात दरोडेखोरांपासून गाव राखणारी ही टोळकी, गळ्यात ताईतांच्या माळा घालणारी. त्यांत बोझिझेचे माजी सैनिक मिसळले. ५ डिसेंबर २०१३ला त्यांनी बांगीवर हल्ला केला आणि सेलेकाचा सूड शेजारच्या दुकानदारावर, गुराख्यावर, बायकामुलांवर उगवला. सेलेकाने ज्याला एक दाणाही दिला नव्हता, त्याचंही घर गेलं. फ्रेंच आणि आफ्रिकी फौजा शहरात असताना हे घडत होतं. २०१४च्या सुरुवातीला ट्रकांचे ताफे भरभरून माणसं चाड आणि कॅमेरूनकडे गेली. व्यापार बराचसा मुसलमानांच्या हातात होता. ते गेले तसे बाजार ओस पडले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती गरिबांनाही धान्य-मांस परवडेना.

कुणी म्हणेल, दोन्ही बाजू सारख्याच. मी तसं म्हणत नाही. एका समाजाला देशातून उपटून टाकणं ही वेगळ्या मापाची गोष्ट आहे. पण ते सांगताना सेलेकाचे दहा महिने गाळले, तर आपण मेलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला मोजतच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

त्याच दिवसांत बांगीत तीन माणसं एकत्र उभी राहिली: इमाम उमर कोबिन लायामा, आर्चबिशप दियुदोने न्झापालाइंगा आणि प्रोटेस्टंट धर्मगुरू निकोला गेरेकोयामे-ग्बांगू. डिसेंबरच्या हल्ल्यानंतर इमामसाहेब कुटुंबासह आर्चबिशपच्या घरी काही महिने राहिले. तिघं मिळून गावोगाव फिरले आणि सांगत राहिले की ही धर्माची लढाई नाही, सत्तेची आहे. आर्चबिशप अँटी-बालाकांना ख्रिस्ती सेना म्हणायला तयार नव्हते, इमाम सेलेकाला इस्लामची सेना म्हणायला तयार नव्हते. आपापल्या लोकांसमोर हे बोलायला काय लागतं, याचा विचार करा. इमामसाहेब २०२० साली वारले.

न्यायाचं काम सावकाश चाललंय. जुलै २०२५मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अँटी-बालाकांचे दोन नेते, येकातोम आणि न्गाइसोना, यांना दोषी ठरवून १५ आणि १२ वर्षांची शिक्षा दिली. सेलेकाच्या महामत सईदवरचा खटला त्याच न्यायालयात २०२२ साली उभा राहिला. पहिली बातमी आपल्या ग्रुपांवर फिरली. दुसरी मला अजून एकाही ग्रुपवर दिसलेली नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.