शंख ओळखावा तोंडावरून



आपल्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही. तरी शंख आपल्याला नवा नाही. आपले तेर गाव म्हणजे जुने तगर. तेथील उत्खननात शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत.

आज आपण कोकणात, गोव्यात जातो. मुले वाळूतले शंख खिशात भरून आणतात. त्यांत कधी एखादा लांबट, टोकदार शंख निघतो. सुताराच्या गिरमिटासारखा त्याला पीळ असतो. शास्त्रात त्याचे नाव 'टेरेब्रा'. या लॅटिन शब्दाचा अर्थही गिरमिटच! आपण त्याला गिरमिट-शंख म्हणू.

पण 'टरिटेला' नावाचा दुसरा शंखही असाच दिसतो, बरं का. मग ओळखायचे कसे? तुम्ही 'घ' आणि 'ध' कसे ओळखता? डोक्यावरची रेघ पाहून. तसे शंखाचे तोंड पाहावे. टरिटेलाचे तोंड गोलसर, त्याला खाच नाही. गिरमिट-शंखाच्या तोंडाला खाली खाच असते. तिच्यातून तो एक नळी बाहेर काढतो आणि पाण्यातून भक्ष्याचा माग काढतो. तो वाळूतल्या अळ्यांसारख्या किड्यांची शिकार करतो. टरिटेला पाणी गाळून बारीक कण खातो. रूप एक, कुळे दोन!

गिरमिट-शंखांच्या सुमारे 400 जाती आहेत. काहींना विषारी दात असतो, काहींना नसतो. नुसत्या कवचावरून ते कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ आता आतला जीवही तपासतात.

याचा आपल्याला उपयोग काय? सांगतो. बाजारात 'उजवा शंख' म्हणून भारी किमतीला शंख विकतात. शंखाचा शेंडा वर व तोंड आपल्याकडे करा. नेहमीच्या शंखाचे तोंड उजव्या हाताला येते, 'उजव्या'चे डाव्या हाताला. शेंडा खाली केला की तेच उजवीकडे येते, म्हणून हे नाव. असा खरा शंख फार दुर्मिळ. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका शंखाचे तोंड मुळातच त्या बाजूला असते. तोच पुष्कळदा आपल्या गळ्यात मारतात.

तेव्हा तोंडात नीट डोकवा. आपल्या पूजेच्या शंखाच्या आतल्या खांबावर 3-4 ठळक घड्या असतात. त्या अमेरिकेच्या शंखाला त्या नसतात. घड्या दिसल्या नाहीत, तर दुकानदाराला नमस्कार करावा आणि पैसे लेकरांच्या वह्या-पुस्तकांसाठी राखून ठेवावेत.