देवडीतील दाटी

जुन्या मराठी वाड्याच्या दरवाजाला लागून एक लहानशी जागा असे. तिला देवडी म्हणत. वाडा कितीही प्रशस्त असला, तरी देवडी बेताचीच असावयाची; पहारेकऱ्याला बसता आले म्हणजे झाले. पण वाड्यात शिरण्याची वाट तिच्यावरूनच जाई. तेथे अडगळ साचून दार अडले, तर आतले चौक मोकळे असून काय उपयोग? संगणकाच्या घरातही अशी एक देवडी असते, आणि तिच्या दाटीमुळे चांगल्या चालत्या यंत्राची कवाडे अचानक बंद होतात.

ह्या दाटीचा अनुभव मोठ्या शहरापेक्षा दूरच्या गावी अधिक जाचतो. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे महाराष्ट्र. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा ह्याच जिल्ह्यातील किनवटचा मुलूख नांदेडला जोडला गेला. तरी आदिलाबादच्या कापूसबाजारात तेलुगूच्या जोडीने मराठी आजही कानी पडते. येथून हैदराबाद सुमारे 300 किलोमीटर दूर. यंत्र अडले, तर जाणता माणूस तासाभरात येऊन उभा राहील, अशी सोय नाही. जे काही करावयाचे ते जवळच्या माणसालाच करावे लागते.

अशा गावातील एका शाळेची कल्पना करावी. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ह्या प्रणालीची नित्याची देखभाल तिच्या निर्मात्यांनी थांबविली. नवी प्रणाली शाळेच्या जुन्या यंत्रांना पेलणारी नाही. मग शिक्षकांनी लिनक्सची वाट धरली. सी-डॅक ह्या आपल्या देशातील संस्थेने डेबियनच्या पायावर उभारलेली ‘बॉस’ ही प्रणाली किंवा त्याच कुळातील उबुंटू, अशा प्रणाली विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रावरही बऱ्या चालतात. काही महिने सारे सुरळीत गेले. एके दिवशी परीक्षेचे अर्ज भरावयाचे असताना पडद्यावर सूचना उमटली : जागा शिल्लक नाही. मदतीला बसलेला विद्यार्थी चकित होऊन म्हणतो, “सर, पाचशे गिगाबाइटची डिस्क आहे, निम्मीसुद्धा भरलेली नाही!” मुलाचे म्हणणे खरे असते, आणि यंत्राचेही.

हे कोडे उलगडावयाचे तर लिनक्सची रचना थोडी समजून घ्यावी लागते. प्रणालीचा जो गाभा यंत्राच्या सर्व भागांवर हुकमत चालवितो, त्याला कर्नेल म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 साली त्याचा आरंभ केला. यंत्र सुरू होताना हे कर्नेल जेथून उचलले जाते त्या जागेचे नाव ‘बूट’. पुष्कळ यंत्रांत तिच्यासाठी डिस्कचा एक लहान विभाग वेगळा राखलेला असतो. पूर्वी यंत्राच्या प्राथमिक आज्ञावलीला डिस्कचा केवळ आरंभीचा भाग वाचता येई, म्हणून ही प्रथा पडली. आज मुख्य डिस्क सांकेतिक कुलपात ठेवली असता, कुलूप उघडण्याची सामग्री तरी बाहेर असावी, ह्यासाठी ती चालू आहे. जुन्या मांडणीत ह्या विभागाला कधी 256, तर कधी 512 मेगाबाइट एवढीच जागा दिलेली आढळते.

आता हिशेब पाहावा. कर्नेलची फाइल दहा-पंधरा मेगाबाइटची. तिच्याबरोबर ‘इनिटरॅम’ नावाचे एक गाठोडे असते. डिस्क ओळखण्यासाठी लागणारी साधने त्यात बांधलेली असतात. ते पन्नासपासून शंभर मेगाबाइटपर्यंतही भरते. एका कर्नेलचा संसार सरासरी 90 मेगाबाइटचा धरला, तर 512 मध्ये पाच संसार मावतात. सहावा मावत नाही. सुरक्षिततेतील उणिवा बुजविणारी नवी कर्नेल मात्र काही आठवड्यांच्या अंतराने येतच राहतात. शिवाय गाठोडे नव्याने बांधताना नवी प्रत पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवली जाते. म्हणजे तेवढा वेळ दोहोंना जागा लागते. अशा रीतीने आत विस्तीर्ण वाडा मोकळा असता देवडी तुंबते.

ह्या प्रसंगी माणसाच्या हातून दोन प्रमाद घडतात. पहिला भीतीचा. नवे कर्नेल नकोच, असे म्हणून सुधारणा कायमची बंद केली जाते. मग उघड झालेल्या उणिवा तशाच राहून यंत्र परक्यांच्या हाती सापडण्याचा धोका वाढतो. दुसरा घाईचा. बूट विभागात शिरून दिसेल ती मोठी फाइल हाताने पुसली जाते. प्रणालीच्या वहीत त्या कर्नेलची नोंद तशीच राहते, आणि पुढल्या खेपेस ती त्याचे गाठोडे पुन्हा बांधावयास घेऊ शकते. ह्याहून वाईट म्हणजे चालते कर्नेलच पुसले जाणे. त्या क्षणी काही बिघडत नाही, कारण ते स्मृतीत उतरलेले असते. पण संध्याकाळी बंद केलेले यंत्र सकाळी उठत नाही.

योग्य मार्ग ह्या दोहोंच्या मधला आहे. प्रथम ‘डीएफ’ ह्या आज्ञेने बूट विभागात किती जागा उरली ते पाहावे. नंतर ‘युनेम’ ही आज्ञा ‘आर’ ह्या अक्षरासह देऊन आज चालू असलेल्या कर्नेलचा क्रमांक कागदावर टिपून घ्यावा. त्याला हात लावावयाचा नाही. त्याच्या आधीचे, चाललेले आणि पारखलेले आणखी एक कर्नेल राखावे. बाकीची जुनी कर्नेल प्रणालीच्या स्वतःच्या व्यवस्थापकाकडून, म्हणजे डेबियनच्या कुळात ‘ऍप्ट’कडून, काढवावीत. त्याची ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा निरुपयोगी झालेली कर्नेल काढते आणि वहीतील नोंदही मिटविते. विभाग पुरता भरल्यामुळे ऍप्टच अडून बसला, तर त्याच्याखालच्या ‘डीपीकेजी’ ह्या साधनाने एखादे जुने कर्नेल नावानिशी काढावे, आणि मग अर्धवट राहिलेले काम ऍप्टकडून पुरे करून घ्यावे. ते पुरे झाल्याची खात्री होईपर्यंत यंत्र बंद करू नये. म्हणूनच वीज जाण्याचा संभव असेल अशी वेळ ह्या कामाला निवडू नये. फेडोराच्या कुळात तीन कर्नेल राखून चौथे येताच सर्वांत जुने काढण्याची चाल आधीपासूनच घालून दिलेली आहे.

तरीही नव्या कर्नेलचे गाठोडे अपुरे राहिले आणि यंत्र दारातच अडले, तर राखून ठेवलेले जुने कर्नेल उपयोगी पडते. आरंभीच्या यादीतून ते निवडले की यंत्र उठते आणि दुरुस्तीला वाव मिळतो. सगळेच जुने काढून टाकणारा हा आधार गमावून बसतो. एवढे मात्र खरे की देवडी मागाहून वाढविणे अवघड. तिच्या भिंतीला लागूनच पुढचा विभाग सुरू होत असतो. म्हणून प्रणाली नव्याने मांडतानाच बूट विभागाला निदान एक गिगाबाइट जागा द्यावी. पाचशेच्या डिस्कवर ती फार नाही.

मघाच्या शाळेतील शिक्षक एवढे जाणत असतील, तर पाऊण तासात अर्ज पुन्हा भरू लागतील. जाणत नसतील, तर यंत्र हैदराबादच्या वाटेला लागेल आणि अर्जांची मुदत टळेल. ह्या दोहोंतले अंतर कागदावर टिपलेल्या एका क्रमांकाचे आहे. नव्याला जागा करून द्यावयाची, निरुपयोगी झालेले वेळेवर निरोप देऊन पाठवावयाचे आणि पारखलेला एक जुना सोबती जवळ ठेवावयाचा, एवढी शिस्त पाळली, तर लहान देवडीवरही मोठ्या वाड्याचा कारभार बिनघोर चालतो.