डिस्क दुकानात जाणार नाही

(कार्यकर्ती शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ असं छापलंय. मी एम.एस.डब्ल्यू. केलंय, इंजिनिअरिंग नाही. तेव्हा कोणी घाबरू नये.

झालं असं, की आमच्या सल्ला केंद्रातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. देणगीतून नवा असेंबल करून घेतला, रिक्षातून आणला. दुकानातला मुलगा येऊन जुनी हार्ड डिस्क त्यात बसवून गेला, पण चालू करून दाखवायला काही थांबला नाही. संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, डिस्प्ले मात्र येईना. फोन केला, तर म्हणतो, “ताई, मदरबोर्ड गेला असेल. मशीन आणून द्या, चार दिवस ठेवा. नाहीतर ऑफिसात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या.”

त्या डिस्कमध्ये सात वर्षांच्या नोंदी होत्या. कुणाला कुणी मारलं, कोण कुठे लपून राहिलीय, तिचा पत्ता, वकिलांची पत्रं. कागदी फायली आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो, आणि तेच सगळं कुणाच्या तरी टेबलावर चार दिवस सोडायचं? एखादीचा दीर त्याच दुकानात बसत नसेल कशावरून? आम्ही ठरवलं, डिस्क जाणार नाही.

प्लग काढला, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. अंगातली स्थिर वीज भागांना मारते, म्हणून हे करायचं. मग डिस्कच्या दोन्ही केबल काढून ती कपाटात ठेवली. पहिला डिस्प्ले यायला डिस्क लागतच नाही, हे आम्हाला तेव्हाच कळलं! एक मात्र सांगून ठेवते. एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

पंखे फिरतात म्हणजे सगळीकडे वीज पोचते, असं नाही. मदरबोर्डला एक मोठा चोवीस पिनांचा प्लग असतो आणि प्रोसेसरजवळ दुसरा, बहुधा आठ पिनांचा. हा दुसरा राहिला, तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच. आमचा लावलेला होता. मॉनिटरची केबलही योग्य जागी होती. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही.

मग मदरबोर्डवरचे चार बारीक दिवे दिसले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. सगळ्या बोर्डांवर ते नसतात. असतील तर जो पेटून राहतो, तिथे गाडी अडलेली असते. आमचा रॅमचा पेटलेला होता. मात्र डीडीआर-५ रॅम असेल, तर पहिल्यांदा काही मिनिटं थांबावं, ती स्वतःची जुळवाजुळव करत असते. आमची एक पट्टी एका टोकाला वर उचलली गेली होती. बहुधा रिक्षातले धक्के! दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबली, खटका वाजला, आणि डिस्प्ले आला.

आनंद दोन दिवस टिकला. मशीन मधेच आपोआप बंद होऊन सुरू होऊ लागलं. डिस्क पुन्हा कपाटात. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट-८६ ही चाचणी चालवली, एका वेळी एकच पट्टी लावून, रात्रभर. पहिली स्वच्छ. दुसरीत चुका दिसल्या, आणि इथे एक चूकही खूप झाली. तेवढी पट्टी बिलासकट दुकानात नेली. वीज गेली की रॅममध्ये काही उरत नाही, त्यामुळे ती खुशाल द्यावी. वॉरंटीत बदलून मिळाली. जेन्ट्स कोणी लागले नाहीत.

एनिॲक हा अमेरिकेतला प्रचंड कॉम्प्युटर १९४६ च्या फेब्रुवारीत जगासमोर आला. त्यावर गणितं चढवणाऱ्या सहाजणी बायका होत्या. जवळजवळ अठरा हजार नळ्यांमधली नेमकी कोणती बिघडलीय, हेही त्या शोधून काढत. समारंभाच्या जेवणाला त्यांना बोलावणं नव्हतं. असो.

चहानंतर मागच्या खोलीत एक मशीन उघडून ठेवलंय. प्रत्येकीने रॅम काढून पुन्हा बसवायची. बांगड्या आणि अंगठ्या तेवढ्या काढून या.