सागरावरील पंक्तिप्रपंच

मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ हा एक मोठा मार्मिक शब्द आहे. एकाच पंगतीला बसलेल्या मंडळींपैकी कुणाच्या पानात तुपाची धार सैल हाताने पडावी आणि कुणाच्या पानावरून वाढप्याने डोळेझाक करीत पुढे सरकावे, या प्रकाराला आपल्या पूर्वजांनी हे नाव दिले आणि त्याची गणना दोषांत केली. आपल्याकडील पंगतीही जातवार मांडल्या जात असत. तेव्हा या बाबतीत आपण फार ताठ मानेने बोलावे अशी परिस्थिती नाही. तथापि जमिनीवर जो निदान दोष म्हणून ओळखला गेला, तो समुद्रावर दीर्घकाळ व्यवस्थेचा पायाच होऊन बसला होता. उतारूंच्या आगबोटीवर कोण काय खातो, कुठे बसून खातो आणि त्याला कोण वाढतो, हे सर्व तिकिटाच्या दरावरून ठरत असे.

हिंदी प्रवाशांपुढे याहून निराळाच प्रश्न उभा होता. सिंधुबंदीच्या त्या काळात समुद्राच्या लाटांपेक्षा समुद्रावरील अन्नाचे भय अधिक वाटे. राजा राममोहन राय १८३० साली ‘आल्बियन’ जहाजाने इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांनी स्वयंपाकी बरोबर घेतला आणि दुधाची सोय म्हणून गाईही जहाजावर चढविल्या. ते जेवण आपल्या खोलीतच घेत. ज्याच्यापाशी साधने होती त्याने आपले घरच असे जहाजावर नेले. ज्याच्यापाशी नव्हती त्याने काय करावे? १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, त्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात आपण वेष आणि आहार बदलणार नाही, असा निश्चय त्यांनी सांगितला होता. कलकत्त्याहून निघालेल्या बोटीत पाश्चात्त्य स्त्रियांच्या सोबतीने, परक्या भटारखान्याच्या आधारावर तो निश्चय दिवसातून दोनतीनदा पाळावयाचा होता. सभेत केलेल्या प्रतिज्ञेहून ही गोष्ट खचित अवघड.

पाच वर्षांनंतर, ४ सप्टेंबर १८८८ रोजी, मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघाले. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ त्यांनी आईपुढे घेतलेली होती. आत्मकथेत या प्रवासातील जेवणाचे जे वर्णन त्यांनी केले आहे, त्यात तत्त्वनिष्ठेपेक्षा लाजाळूपणाच अधिक दिसतो, आणि म्हणूनच ते मनाला भिडते. काट्याचमच्याने खाण्याची सवय नाही. टेबलावरील कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारण्याचा धीर नाही. तेव्हा हा अठरा वर्षांचा तरुण भोजनगृहात गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर त्याने खोलीत बसून दिवस काढले. त्याच खोलीतले सहप्रवासी त्र्यंबकराय मजमुदार हे वयाने मोठे वकील होते. ते सर्वांत मिसळत आणि त्यालाही मिसळण्याचा आग्रह करीत. एका इंग्रज प्रवाशाने तर, तांबड्या समुद्रापर्यंत ठीक आहे, पण बिस्केच्या उपसागरात मांसावाचून निभाव लागणार नाही, असे त्याला बजावले. उपसागर आला आणि गेला. मांसाची गरज काही पडली नाही. दोन वर्षांनी पुण्यात पंचहौद मिशनमधील चहापानावरून रानडे-टिळकांसारख्यांवर केवढे वादळ उठले, हे ज्यांना आठवते त्यांना त्या खोलीतल्या मिठाईच्या डब्याचे वजन कळेल.

उत्तर अटलांटिकवर प्रश्न धर्माचा नव्हता, पैशाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेस जाणाऱ्या गरीब उतारूंना शिधा कोरडा मिळे आणि डेकवरील चुलीपाशी पाळी लावून तो स्वतःच शिजवून घ्यावा लागे. वारा उठला की चूल विझवीत, आणि मग भुकेल्यांनी वाऱ्याची मर्जी पाहत बसावे. १८४० साली कुनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ बोट सुरू झाली, तिच्यावर ताज्या दुधासाठी एक गाय बांधलेली असे. पुढे शतकाच्या अखेरीस शीतगृहे आली आणि गाय-कोंबड्यांचा हा तबेला जहाजावरून उतरला. टेबलांना मात्र लाकडी कठडे राहिले. समुद्र खवळला की ते उभे करीत, आणि ताटे घसरू नयेत म्हणून टेबलावरचे कापड ओले करून ठेवीत.

पंक्तिप्रपंचाचा कळस विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. १९०५ साली ‘अमेरिका’ नावाच्या जर्मन बोटीवर, भाड्यात मिळणाऱ्या जेवणाखेरीज, वेगळे पैसे मोजून हवे ते मागवावे असे निराळे उपाहारगृह निघाले. त्याची मांडणी सेझार रिट्झ आणि ऑग्युस्त एस्कोफिए या त्या काळच्या दोन विख्यात पुरुषांनी करून दिली होती. ‘टायटॅनिक’वरही असे एक उपाहारगृह होते. १४ एप्रिल १९१२ रोजी, बुडण्याच्या आदल्या रात्री, पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात दहाअकरा वाढी झाल्या. तिसऱ्या वर्गाला त्या दिवशी दुपारी तांदळाचे सार, भाजलेले गोमांस, उकडलेले बटाटे आणि पुडिंग मिळाले. हे जेवण काही वाईट नव्हते; त्या वर्गातील कित्येकांना घरी ते रोज मिळत नसेल. पण या दोन्ही यादींपेक्षा विचार करायला लावणारी गोष्ट तिसरीच आहे. त्या वेगळ्या उपाहारगृहात साठाहून अधिक माणसे कामाला होती, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. त्यांतली तिघेच वाचली: हिशेब ठेवणाऱ्या दोन स्त्रिया आणि एक कारकून. वाढपी आणि आचारी सारे गेले.

वाढणाऱ्या हातांकडे पाहू लागले की आपली नजर अटलांटिककडून पुन्हा पश्चिम किनाऱ्याकडे वळते. ब्रिटिश कंपन्यांच्या पूर्वेकडील बोटींवर कामाची वाटणी प्रांतवार आणि धर्मवार ठरून गेली होती. डेकवर सारंग आणि टिंडल यांच्या हाताखाली खलाशी. खाली इंजिनाशी आगवाले. आणि भोजनगृहात व भटारखान्यात मुख्यतः गोव्याचे ख्रिस्ती लोक. मांस किंवा मद्य हाताळण्यास त्यांची हरकत नव्हती आणि युरोपीय स्वयंपाकाशी त्यांची पूर्वीपासून ओळख होती. साष्टी-बारदेशातील कित्येक गावांतील घरे या पगारावर उभी राहिली. तो पगार त्याच बोटीवरील युरोपीय माणसाच्या मानाने फारच तुटपुंजा असे. एक बोट सोडून दुसरी मिळेपर्यंत ही माणसे मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांतील आपापल्या गावच्या ‘कुडी’त राहत. कूड म्हणजे गावाच्या वर्गणीतून चालणारे बिऱ्हाड. तेथे गावच्या संताची वेदी, भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. वाराणसी काय किंवा नागपूर काय, आज ज्या उपाहारगृहांत कटलेट आणि कस्टर्ड निमूटपणे खाल्ले जाते, तेथवर हे पदार्थ पोचविण्यात आगगाडी आणि लष्करी मेस यांच्याबरोबर या आगबोटीवरच्या गोवेकर आचाऱ्यांचाही वाटा असावा.

ही माणसे स्वतः काय खात? खलाशांसाठी स्वयंपाक करणारा वेगळा माणूस असे, त्याला जहाजी बोलीत ‘भंडारी’ म्हणत. त्याच्याकडे भात, डाळ, सुकी मासळी, मसाला. हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती अशा टोळ्यांच्या चुलीही पुष्कळदा निराळ्या. म्हणजे वरच्या मजल्यावर पैशाने आखलेली रेघ आणि खालच्या मजल्यावर धर्माने आखलेली रेघ, अशा दोन्ही रेघा घेऊन एकच बोट एडनकडे निघे.

१९५८ साली अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि पोचण्यासाठी बोटीने जाण्याचे दिवस सरू लागले. मुंबई-लिव्हरपूल मार्गावरील अँकर लाइनची उतारू वाहतूक १९६६ साली बंद पडली. त्यानंतर जे जहाज उरले ते कुठेही पोचविण्यासाठी नव्हते. हिंडविणे हाच त्याचा उद्देश. आजच्या भाषेत क्रूझ. अशा जहाजावर पाहण्यासारखा समुद्र चारी बाजूंना सारखाच, तेव्हा दिवसाला आकार येतो तो जेवणाने. प्रारंभी जुनी शिस्त होती: संध्याकाळच्या दोन पंगती, ठरलेले टेबल, ठरलेला वाढपी, शेजारीही तेच. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ही वेळेची आणि टेबलाची सक्ती सोडून दिली, आणि इतरांनीही कमीअधिक प्रमाणात तोच मार्ग धरला. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर सुमारे ७,६०० प्रवासी मावतात. खाण्याची ठिकाणे वीसहून अधिक.

आता वर्ग गेले, असे म्हणतात. ते पूर्णपणे खरे नव्हे. भाड्यात समाविष्ट असलेले मोठे भोजनगृह आणि हवे ते हवे तितके घ्यावे असा बुफे एकीकडे. आणि वेगळे पैसे घेणारी इटालियन, जपानी किंवा मांस भाजून देणारी उपाहारगृहे दुसरीकडे. महागड्या खोल्यांतील मंडळींसाठी कित्येक जहाजांवर तिसरेच दार असते. कुनार्ड कंपनी निदान प्रामाणिक आहे. तिच्या ‘क्वीन मेरी २’वर खोलीच्या दर्जानुसार भोजनगृह ठरते आणि ते उघडपणे सांगितले जाते. इतरत्र तीच गोष्ट ‘निवड’ या गोड नावाने चालते.

हिंदी प्रवाशाचा जुना प्रश्न मात्र सुटला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी सुरू झाल्या, तेव्हा शाकाहारीच नव्हे तर जैन भोजनाचीही व्यवस्था जाहिरातीतच सांगितलेली होती. कांदा-लसूण आहे काय, हे विचारायला आज कुणी लाजत नाही. उलट वाढपीच आधी विचारतो.

खालच्या मजल्यावरील चूलही बदलली. खलाशांच्या श्रमांविषयी २००६ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार जहाजावरील कर्मचाऱ्यांना अन्न व पिण्याचे पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे. ते पुरेसे आणि चांगले हवे, आणि त्यात त्यांच्या धर्माचा व चालीरीतींचा विचार केलेला हवा. स्वयंपाकी शिकलेला असावा, आणि १८ वर्षांखालील कुणाला त्या कामावर नेमू नये. वरची शेवटची पंगत आटोपून टेबलांवरची कापडे बदलली की वाढपी खाली आपल्या मेसमध्ये जातात. अधिकाऱ्यांचा मेस तेथेही निराळाच असतो.